दरडीवरचं काज

मास्तरांच्या हातांना एक खोड होती. भोक दिसलं की ते गप्प बसायचे नाहीत. चाळीस वर्षं शिवणाचं दुकान चालवलेला माणूस! सदऱ्याचं कोपर फाटलेलं असो की पडदा उंदराने कुरतडलेला असो, मास्तर असं रफू करत की गिऱ्हाईक कापड उजेडात धरून, फाटलं होतं कुठे, तेच शोधत बसे. पुढे समोरच तयार कपड्यांचं मोठं दुकान आलं. मास्तरांकडे पँट आखूड करणं आणि चेन बदलणं तेवढं उरलं, आणि एके दिवशी त्यांनी शटर ओढलं ते ओढलंच.

घरी बसलेला शिंपी म्हणजे घरातल्यांना शिक्षा. त्यांनी उशांना अभ्रे शिवले, मग अभ्र्यांवर अभ्रे शिवले, मिक्सरलासुद्धा झबलं शिवलं. "अहो, एक दिवस मलाही कडेने टीप मारून ठेवाल," असं म्हणून बायकोनेच त्यांना रविवारी ओढ्यावर पिटाळलं.

ओढा घरामागेच होता. टेकडीवरच्या प्रत्येक छपराचं आणि प्रत्येक गॅरेजचं पाणी त्यात उतरायचं, आणि पाण्याबरोबर काय काय उतरायचं ते न बोललेलंच बरं. चौदा-पंधरा माणसं दर रविवारी जमून कचरा वेचायची, माजलेली परकी वेल उपटायची, बेडूक आणि कासवं मोजायची. त्यांच्या म्होरक्या होत्या शाळेतून निवृत्त झालेल्या विज्ञानाच्या बाई. गळ्यात दुर्बीण आणि तोंडी एकच नियम: "आधी पंधरा मिनिटं बसायचं, मग हात लावायचा." काठाच्या नव्या तुकड्यावर काम काढायचं तर आधी समोर बसून तिथे कोण येतं, कोण जातं ते बघायचं. त्यांच्यातला एक प्लंबर दर वेळी कुरकुरायचा, "बाई, एवढ्यात माझं अर्धं काम झालं असतं." पण बसायचा. बाईंपुढे कोणाची टाप होती?

त्या वर्षी दरड ढासळायला लागली. टेकडीवरून आलेल्या पाण्याने काठाची माती खाल्ली होती. गोणपाटाची जुनी पोती जोडून दरडीवर अंथरायची, त्यांवर चिखल लिंपायचा आणि गवत रुजवायचं, असं ठरलं. पोती जोडणार कोण? सगळ्यांनी मास्तरांकडे बघितलं. कित्येक वर्षांत कोणी त्यांच्याकडे तसं बघितलं नव्हतं. मास्तरांनी दाभण आणि सुतळी घेतली आणि चाळीस हात दरडीला असं काही नेसवलं की बाईसुद्धा म्हणाल्या, "मास्तर, शिवण कुठे आहे ते तरी दाखवा!" त्या दिवशी मास्तर दोन घास जास्त जेवले.

शेवटचा तुकडा त्यांनी शनिवारी दुपारी एकट्यानेच संपवला. बसले-बिसले नाहीत. मधेच दरडीत मुठीएवढं एक भोक लागलं. उंदराचं असणार, पाणी शिरून इथूनच ढासळेल, असं म्हणून त्यांनी आत गोणपाटाचा बोळा कोंबला, वर दुहेरी ठिगळ लावलं आणि चिखल लिंपून घरी गेले. नऊ वर्षांनी ओढ्यावर परतलेली खंड्याची जोडी दरडीतच बीळ करून अंडी घालते, हे बाईंनी सगळ्यांना सांगितलं होतं. पण ते बीळ पुलापलीकडे असेल असा बाईंचाच अंदाज होता, त्यामुळे मास्तरांच्या मनाला तो विचार शिवलाही नाही.

रविवारी सकाळी सगळे आले तेव्हा खंड्या दरडीसमोरच्या फांदीवर बसला होता. चोचीत मासा. दरडीपर्यंत उडायचा, गोणपाटावर आपटल्यासारखा व्हायचा, परत फांदीवर.

"मासा बघा कसा धरलाय," डोळ्यांवरची दुर्बीण न काढता बाई म्हणाल्या. "तोंड पुढे. स्वतः खायचा असता तर उलटा धरला असता. हा पिल्लांसाठी आहे." मग त्यांनी दुर्बीण खाली घेतली. "पिल्लं गोणपाटाच्या आत आहेत."

"मग फाडू की सगळं!" प्लंबर विळा घेऊन निघाला.

"फाडू नका! ओली दरड आहे. हिसका बसला तर सगळी पिल्लांवर येईल. बीळ नेमकं कुठे आहे ते कळायला हवं."

कोणालाच माहीत नव्हतं. माहीत होतं एकट्या मास्तरांना. गप्प राहिलं तर कोणाला कळणार होतं? शिवण तर दिसतच नव्हती. ज्या माणसांनी आयुष्याच्या उतरणीला पुन्हा मान दिला, त्यांच्यासमोर तोंड उघडायचं म्हणजे तो मान आपल्याच हाताने उसवायचा. खंड्या पुन्हा उडाला, पुन्हा आपटला.

"मला माहीत आहे," मास्तर म्हणाले. "काल मला भोक दिसलं होतं. मी... मी ते बुजवलं."

प्लंबरने तोंड उघडलं होतं, ते बाईंनी नुसत्या नजरेने मिटवलं. "बसला नव्हतात ना?" एवढंच त्यांनी विचारलं. मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. कोणी चार शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

मास्तरांनी घरी फोन लावला. "कात्री घेऊन ये. मोठी."

"मोठी म्हणजे?"

"तीच."

बायकोला कळलं. त्या कात्रीने तिने एकदा वर्तमानपत्र कापलं होतं, तर हा माणूस दोन दिवस बोलला नव्हता. कापडाखेरीज काही कापलं की धार जाते, असं त्याचं शास्त्र. ती चपला न घालताच धावत आली.

प्लंबरने शिडी धरली. मास्तरांनी डोळे मिटून बोटांनी शिवण चाचपली, ठिगळ सापडलं, आणि चिखलाने माखलेल्या गोणपाटात त्यांनी ती कात्री चालवली. खडे करकरले. बायकोने तोंड फिरवलं. गोणपाट मात्र हिसका न बसता कापलं गेलं. बोळा अलगद निघाला, आणि आतून अगदी बारीक चिरचिर आली.

"या खाली," बाई म्हणाल्या.

"दोन मिनिटं. कड उसवेल." त्यांनी दाभण काढलं आणि भोकाच्या कडेने भराभर टाके घातले, सदऱ्याला काज करतात तसे.

मग सगळे पलीकडच्या काठावर जाऊन बसले. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. खंड्या हलेना. मास्तरांची नजर जमिनीवरून उठेना. "अहो, बघा ना!" बायकोने दंड धरला. निळी रेघ दरडीकडे गेली आणि त्या काजातून आत शिरली. बाहेर आली तेव्हा चोच रिकामी होती. मास्तर सगळ्यांदेखत लहान पोरासारखे रडले, आणि त्यांना त्याची लाजही वाटली नाही.

कात्रीची धार गेली ती गेलीच. आता बायको तिने खुशाल दुधाची पिशवी कापते. ओढ्यावर नवा तुकडा हाती घेतला की पंधरा मिनिटांनी सगळे उठतात, कामाला लागतात. मास्तर बसलेलेच असतात. प्लंबर ओरडतो, "मास्तर, झाली की पंधरा मिनिटं!"

"व्हा तुम्ही पुढे," मास्तर म्हणतात. समोरच्या काठात कुठेतरी एक भोक असतं. दोन्ही हात मांडीखाली दाबून ते त्याच्याकडे बघत असतात.