भिंतीकडे तोंड करून

समुपदेशन केंद्राचे संगणक सांभाळणारा तो अबोल माणूस. केंद्र बंद होत होते. लोकांनी तिथे रडत रडत सांगितलेली दुःखे कुलूपबंद डेटाबेसमधून फाइलींच्या रूपाने बाहेर काढली होती. काळ्या पडद्यावर त्याने कमांड टाइप केली, केंद्र चालवणाऱ्या बाईंनी दिलेला पासवर्ड घातला आणि एकेका फाइलीचे कुलूप निघत गेले. नव्या डॉक्टरांकडे सोपवण्याआधी एक तरी उघडून अक्षरे लागतात का, हे पाहणे भाग होते. पण परक्याच्या मनाचा गाभारा केवळ चाचणीसाठी उघडायला त्याचा हात धजेना.

डबा घेऊन आलेली बायको म्हणाली, "अहो, माझी उघडा की. आहे ना त्यात?"

होती. बाळ गेल्यावर वर्षभर ती इथे येत असे. इथे ती काय बोलली, हे त्याने कधी विचारले नव्हते. मात्र बाळ गेल्याचा दोष तिने त्यालाच दिला असेल का, हा सल काळजात रुतून होता. उत्तर आता बोटाखाली होते. ते वाचण्याची त्याची तहान किती, ते देवच जाणे.

त्याने कमांड टाइप केली, खुर्ची तिच्याकडे सरकवली. "एंटर तू दाब." आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"शिक्षा झालेल्या पोरासारखे काय उभे राहता?"

"अक्षरं लागतात का, तेवढंच सांग."

ती बराच वेळ वाचत राहिली.

"लागतात," ती म्हणाली. "घरी गेल्यावर मीच सांगेन सगळं. तुमच्याबद्दलचंही. आता वळा, डबा गार होतोय."