इतर गायक : नाही

“तो तुमचा आवाज नाही, मॅडम.”

हे मी माझ्या स्टुडिओत, माझ्या खुर्चीत बसून, समोरच्या बाईकडं न बघता बोललो. बाई किनवट तालुक्यातून आली होती. सकाळच्या रेल्वेनं नांदेड, तिथून एसटीनं लातूर. ज्या आवाजाबद्दल ती विचारत होती, तो माझ्या पाठीमागच्या कपाटात, हार्ड डिस्कवर होता. तिचाच होता. मला शंभर टक्के माहीत होतं.

“मग कोणाचा हाय?” तिनं विचारलं.

“रोहितचा. मुख्य गायक तोच आहे.”

“अप्पा, माझ्याकडं बघून सांगा.”

मी माउस हलवत राहिलो.

मी साउंड इंजिनियर. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत, भावाच्या पेंडीच्या दुकानावर माझा स्टुडिओ आहे. पंचवीसेक वर्षं शिवभजनं, जयंतीची गाणी, प्रचाराची गाणी करत आलोय. मी फार बोलत नाही. या धंद्यात कमी बोलणाऱ्याला लोक प्रामाणिक समजतात. तो गैरसमज मी पुष्कळ वापरला.

ती बाई म्हणजे सुनंदा. एका आश्रमशाळेच्या मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका. गोष्ट तिच्यापासून नाही, नांदेडच्या चार पोरांपासून सुरू होते.

उन्हाळ्यात ही पोरं गिटार, ड्रम घेऊन माझ्याकडं आली. त्यांना अल्टरनेटिव्ह रॉकचं एक सिंगल करायचं होतं. सिंगल म्हणजे अल्बम नाही, एकच सुटं गाणं. अल्टरनेटिव्ह रॉक म्हणजे काय, असं मी विचारलं तर ड्रमर म्हणाला, “अप्पा, रॉकच. फक्त वरातीत वाजणार न्हाई असं.”

गाण्याचं नाव ‘हजेरी’. कोचिंग क्लासच्या हॉलमध्ये नंबरानं ओळखला जाणारा एक मुलगा स्वतःचं नाव विसरतो, असं काहीतरी. लातुरात राहून मला ते लगेच कळलं. चाल चांगली होती. पण मधल्या आठ ओळींची जागा रिकामी होती. शब्द सुचले नव्हते. त्यात रोहितचा घसा बसलेला.

अशा वेळी आम्ही डमी घेतो. डमी म्हणजे कच्चा आवाज. गाणं कुठं चढतं, कुठं थांबतं, हे वादकांना कळावं म्हणून कुणीतरी तात्पुरतं गातं. नंतर मुख्य गायक येतो, त्याच जागी गातो आणि डमी बंद होते. डमी गाणाऱ्याचं नाव कुठंही लागत नाही. हा रिवाज. माझ्या आधीपासूनचा.

बेस गिटार वाजवणारा विकास सुनंदाचा चुलतभाऊ. शाळेला सुट्टी होती म्हणून ती लातूरला नातेवाइकांकडं आलेली. विकास म्हणाला, “ताई गाती. ताईला उभं करू.”

ती काचेच्या पलीकडं उभी राहिली. हेडफोन उलटे घातले, मग सरळ केले. रिकाम्या जागी आल्यावर तिनं हातानंच विचारलं, काय म्हणू? मी म्हणालो, काहीही म्हणा.

तिनं हाक मारली.

वसतिगृहातल्या मुली संध्याकाळी ओढ्याकडं, मोहाच्या झाडांकडं पांगलेल्या असतात. त्यांना हजेरीला बोलवायची तिची हाक. “याऽऽ गं याऽऽ” अशी खालून सुरू होते, वर जाते, तिथं फाटते आणि फाटलेलीच आणखी एक पायरी वर जाते. ड्रमरच्या हातातली काठी थांबली.

पंधरा दिवसांनी रोहितनं तीच जागा गायली. चाळीस वेळा. आवाज वर गेला की पातळ व्हायचा, तापलेल्या दुधावरच्या सायीसारखा. शेवटी मी एक युक्ती केली. त्याच्या आवाजाखाली डमी हळूच चालू ठेवली. आधार म्हणून. पुष्कळ जण करतात. मग डमी थोडी वाढवली. मग आणखी थोडी. मिक्सिंग, म्हणजे सगळे आवाज एकमेकांत बसवायचं काम, संपलं तेव्हा त्या जागेत रोहित उरलाच नव्हता. फक्त सुनंदा होती.

पोरांचा मॅनेजर निनाद पुण्याचा. त्यानं फोनवर ऐकलं. “सर, माइंडब्लोइंग! रोहितनं हे कधी काढलं?”

“ती डमी आहे,” मी म्हणालो. “विकासची बहीण. नाव लावावं लागेल.”

“डमीला क्रेडिट कोण देतं, सर? बँडची स्टोरी चार मित्रांची आहे. त्यात ही ताई कुठं बसवू?”

मी गप्प बसलो. सवयीनं.

गाणं ॲपवर चढवायच्या आधी एक फॉर्म भरतात. गायक, गीतकार, संगीतकार, मिक्सिंग कुणी केलं. तो फॉर्म निनादनं नाही भरला. मी भरला. ‘मिक्सिंग’समोर माझं पूर्ण नाव घातलं, स्पेलिंग दोनदा तपासलं. ‘इतर गायक’ असा एक रकाना होता. तिथं मी ‘नाही’ असं टाइप केलं. माझ्या बोटांनी. कुणी बंदूक लावली नव्हती.

गणपतीत गाणं आलं. महिन्याभरात चार्टवर चढायला लागलं. चार्ट म्हणजे कोणतं गाणं जास्त ऐकलं जातंय, त्याची रोज बदलणारी यादी. पोरं ती यादी नीटच्या निकालासारखी बघायची. आधी विसावं, मग नववं, मग तिसरं. दिवाळीच्या तोंडावर मराठीत पहिलं. नायगावच्या रसवंतीवर ‘हजेरी’, जळकोटच्या काळीपिवळीत ‘हजेरी’. सगळ्यांना तेवढीच जागा पाठ. याऽऽ गं याऽऽ.

रोहितनं एका मुलाखतीत सांगितलं, की हा आवाज मी इस्लापूरच्या धबधब्याखाली उभा राहून कमावला. मी ती मुलाखत जेवताना बघितली. घास थुंकला आणि फोन पालथा ठेवला. पण कार्यक्रमात ती जागा आली की लॅपटॉपवरून आवाज सोडायचे आणि रोहित नुसता ओठ हलवायचा. त्या लॅपटॉपमधली फाइल कुणी कापून दिली? मीच. मग कुणावर थुंकत होतो मी?

विकासनं एकदा विचारलं होतं, “अप्पा, ताईच हाय ना ती?” मी त्याला म्हणालो, “तू बेस वाजव.”

आता परत त्या दुपारकडं. सुनंदा समोर बसलेली.

“अप्पा, काय झालं माहिताय का? स्वयंपाकाच्या मावशीच्या फोनवर हे गाणं लागलं. दुपारची वेळ. पोरी ताटं सोडून पळत आल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या. मी तर कोठीत होते, तांदूळ बघून राहिले होते.”

ती हसली. मग हसणं थांबलं.

“पोरींनी विचारलं, मॅडम तुम्ही हाव का यात? मी हाव म्हणाले. मुख्याध्यापकांनी गाणं उघडून बघितलं. नाव रोहितचं. परिपाठाला साठ पोरींसमोर बोलले, खोटं बोलू नये, अधीक्षिकेनं तर मुळीच बोलू नये. आता पोरी माझ्यासमोर गप आणि मागं हसून राहिल्या. चोरी करू नका, खोटं बोलू नका, हे मी कोणत्या तोंडानं सांगू त्यांना? मला गाण्यातलं काही नको. एक कागद द्या. तुमच्या सहीचा. की त्यात मी हाय.”

एक कागद. प्रिंटर माझ्या कोपराला लागून होता.

मी तिला कागद दिला नाही. चहा पाजला. आणि वर सांगितलं, की पुरुषाचा आवाज मशीननं बाईसारखा करता येतो, तुमचा गैरसमज झाला असेल. तिनं चहा अर्धा ठेवला. दारात थांबून एवढंच म्हणाली, “माझा गळा मला वळखत न्हाई व्हय, अप्पा?”

मला राग आला. तिचा! घरात शिरलेल्या चोराला मालकाचा येतो तसा. तो राग मी दोन दिवस जपला, कारण तो गेला की खाली काय आहे ते मला माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी निनादचा फोन आला. “सर, ती बाई विकासला फोन करतेय. तुमच्याकडे ओरिजिनल रेकॉर्डिंग आहे ना? डिलीट करून टाका. सेफ राहू.”

“बरं,” मी म्हणालो.

डिस्क काढली. फाइल उघडली. प्रत्येक आवाजाची वेगळी पट्टी असते. सोलोचं बटण दाबलं की बाकी सगळं बंद होऊन तेवढा एकच आवाज ऐकू येतो. पुसायच्या आधी एकदा ऐकू म्हणून मी डमीची पट्टी सोलो केली.

हाक आली. वर गेली, फाटली, आणखी वर गेली. हाक संपली तरी पट्टी चालूच होती. सुनंदाचा दम लागलेला आवाज आला, “बरं झालं का अप्पा? का परत म्हणू?”

आणि मग बारीक, तिच्या हेडफोनमधून गळून तिच्याच माइकमध्ये शिरलेला, एका पुरुषाचा आवाज. “एक नंबर, ताई. हेच ठेवू. तुमचं नाव लावू.”

तो मी होतो.

मी हे बोललो होतो, हे मला आठवतही नव्हतं. आजपर्यंत स्वतःला सांगत होतो, मी फक्त गप्प बसलो. गप्प कुठं बसलो होतो? शब्द दिला होता.

त्याच दिवशी गाणं ॲपवर चढवणाऱ्या कंपनीला मी मेल केला. सोबत ती पट्टी, न कापता. लिहिलं, फॉर्म मी भरला, ‘नाही’ हे खोटं आहे, ते मी जाणूनबुजून लिहिलं. अशी तक्रार गेली की निकाल लागेपर्यंत कंपनी गाणं खाली उतरवते. ‘हजेरी’ पहिल्या नंबरावर होतं. पुढच्या आठवड्यात यादीतच नव्हतं.

निनाद फोनवर किंचाळत होता. “वेड लागलंय का तुम्हाला? पीकवर असताना गाणं उतरवलंत! पोरांचं करिअर संपवलंत!”

“पोरांचं म्हणू नका. विकासनं मला विचारलं होतं.”

“आणि तुम्ही कोण मोठे हरिश्चंद्र? चार महिने झोपला होता का?”

त्या माणसाच्या तोंडून निघालेलं हे एकमेव खरं वाक्य. मी फोन ठेवला.

मग किनवटला गेलो. स्पीकर, लॅपटॉप घेऊन. मुख्याध्यापक भले माणूस वाटले. व्हरांड्यात खुर्ची दिली, म्हणाले, “मॅडमनी आणलं का तुम्हाला साक्षीला?” सुनंदा खांबाशी उभी होती. माझ्याकडं बघत नव्हती. मुली पटांगणात बसून शेंगा निवडत होत्या.

मी सोलो दाबलं.

याऽऽ गं याऽऽ.

मुली उठल्या. शेंगा मांडीवरून सांडल्या. कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी तीन रांगा झाल्या, पुढची बुटकी मुलगी “एक हजर!” म्हणून ओरडली, आणि आकडे मागं मागं सरकत गेले. मुख्याध्यापक खांबाशी उभ्या सुनंदाकडं बघत राहिले. तिचं तोंड मिटलेलं होतं.

पट्टी चालूच होती. “एक नंबर, ताई. हेच ठेवू. तुमचं नाव लावू.”

“हे कोण बोललं?” त्यांनी विचारलं.

“मी,” मी म्हणालो. “मॅडम खरं बोलत होत्या. खोटं मी बोललो. त्यांच्याही तोंडावर.”

“मग हे पोरींना सांगा,” मुख्याध्यापक म्हणाले. “मी परिपाठाला बोललो होतो. मलाही सांगावं लागंल.”

आम्ही दोघांनी सांगितलं. एका मुलीनं विचारलं, “मग तुम्ही आता खोटं बोलायचं सोडलं का?” सुनंदा म्हणाली, “बस खाली.” मला चहा विचारला नाही. बरोबर केलं.

सव्वा महिन्यानं गाणं परत आलं. गायक म्हणून रोहितच्या शेजारी सुनंदाचं नाव. चार्टवर ते पुन्हा कधी चढलं नाही. लोक तोवर दुसऱ्या गाण्यावर गेले होते आणि चार्टला मागचं आठवत नाही. बँड फुटला. विकास माझ्याशी बोलत नाही, पण ताईकडं जातो.

स्टुडिओत आता माझा एक नियम आहे. कच्चा असो, पक्का असो, काचेपलीकडं गेल्यावर गाण्याआधी प्रत्येकानं माइकमध्ये आपलं नाव सांगायचं. गिऱ्हाईक हसतात, म्हणतात, अप्पा हजेरी घेतो. घेतो. माझ्या स्मरणशक्तीवर माझा भरवसा राहिलेला नाही, आणि चांगुलपणावर तर त्याहून नाही.