मसणवटीतलं करवंद

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आणि मी — माझ्या ओळखीची माणसं इथे हसतील — मी काही पोटात ठेवणारा माणूस नव्हे. दिवसभर कारखान्याच्या स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजून देतो, पण लोधिवलीपासून खोपोलीपर्यंत हळद असो, साखरपुडा असो, गावच्या उत्सवातलं नाटक असो, माइक माझ्याच हातात असतो. माझ्या मूळव्याधीच्या ऑपरेशनचा किस्सा मी भरल्या मांडवात सांगितलाय, नवरदेवाचा घास हातातच राहिला होता. मग ही एकच गोष्ट आत कशी राहिली?

राहिली. सांगतो.

आधी खेळाबद्दल सांगतो. मुद्दा लांबवतोय, हे तुमच्या लक्षात आलं असेल. येऊ द्या.

आमच्या शेतामागच्या डोंगराच्या पायथ्याला ठाकरवाडी आहे. तिथली बुधीबाय आमच्या खळ्यावर भात झोडायला यायची. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा, ती पंचविशीची असेल. दुपारची भाकरी झाली की ती हातानं माती सपाट करायची आणि काटकीनं एक नागमोडी रेघ ओढायची. तीच वाट. खेळाचं नावही ‘वाट’च. रेघेवर घरं — नदीचं घर, बाजाराचं घर, वाघाचं घर, पाहुण्याचं घर. आपला गडी म्हणून ज्याला जे मिळेल ते ठेवायचं, खडा, बटण, बोर. चार फोडलेले चिंचोके उडवायचे, जितके पांढरे पडतील तितकी घरं पुढे. आणि जिथे पोचाल तिथे आपल्या गड्याचं काय झालं ते सांगायचं. नदी कशी ओलांडली? वाघ काय म्हणाला? बाकीच्यांनी ‘हां’ म्हटलं की मुक्काम पक्का. ‘ह्या!’ म्हटलं की एक घर मागे. थाप मारायला हरकत नव्हती. वाईट थाप मारायला होती.

एक घर मात्र वेगळं होतं. मसणवट. तिथे पडलात की तुमचा गडी मेला. पण तुम्ही उठायचं नाही. रिंगणात बसून राहायचं, आणि कुणीही तुम्हाला काहीही विचारू शकत असे — खेळातलं, खेळाबाहेरचं. मेलेल्यानं खरं तेच सांगायचं. जित्या माणसांनी हव्या तेवढ्या थापा माराव्यात, मेलेल्याला ती सूट नाही.

एकदा माझी आई मसणवटीत पडली. शेताची मालकीण ती. बुधीबायनं तिला विचारलं, “ताई, आमच्या वाटच्या भाकऱ्या पातळ का गं थापतीस?” आईची नजर मातीकडे गेली. मग म्हणाली, “पीठ कमी घेते गं मी. तुमच्या वाटचं.” बाया पोट धरून हसल्या. आई हसली नाही. दुसऱ्या दिवशी भाकऱ्या जाड होत्या.

मला बोलायला कुणी शिकवलं, तर बुधीबायनं. हे मी दर कार्यक्रमात सांगायला हवं होतं — कधी सांगितलं नाही. आणि एक सांगू? मी तिच्यापेक्षा चांगलं सांगतो असं मला वाटायचं. मी वाघाची डरकाळी काढतो, नदीचा आवाज काढतो, लोक टाळ्या वाजवतात. ती काहीच काढायची नाही. “वाघ आला. माझ्याकडं बगला. मी पन बगलं,” एवढंच म्हणायची आणि थांबायची. आणि आम्ही सगळे हळूहळू पुढे सरकायचो, तिच्या तोंडाकडे. माझ्या गोष्टीला माणसं कधी पुढे सरकली नाहीत. हसून मागे टेकतात.

ही टोचणी होती. लहानशीच.

कळंबकडच्या एका रिसॉर्टवर मी शनिवारी पाहुण्यांसाठी गोष्टींचा कार्यक्रम करतो. तिथे तीन वर्षांपूर्वी पुण्याची तीन मुलं आठवडाभर राहायला आली. ती व्हिडिओ गेम बनवत होती — मारामारीचा नव्हे, गोष्टीचा. दुपारी व्हरांड्यात ती टेबल मांडून खेळायची. एक जण गोष्ट सांगणार, बाकीचे आपापला गडी काय करतो ते ठरवणार, आणि जमलं की फसलं ते फासा सांगणार. वीस बाजूंचा फासा! मी हातात घेऊन बघितला, कापलेल्या हिऱ्यासारखा होता. टेबलावरचा हा खेळ त्यांना फोनच्या पडद्यावर आणायचा होता, त्यात फासे पडतील, सोंगट्या चालतील आणि कुणाचा तरी आवाज तुम्हाला गोष्ट सांगत पुढे नेईल.

मी बघत उभा राहिलो. ही तर बुधीबायची वाट, फक्त जीन्स घातलेली!

मग मी काय सोडतोय? स्वयंपाकघरातून चिंचोके आणले, अंगणात वाट आखली, आणि त्या तिघांना तासभर नाचवलं. वाघाच्या घरात मी असा काही वाघ झालो की रिसॉर्टचं कुत्रं पळालं. त्यांची म्होरकी होती रेवती, बारीक चणीची, वहीशिवाय न दिसणारी. मसणवटीचा नियम ऐकला आणि तिचं पेनच थांबलं. “काका, हे तुम्हाला कुणी शिकवलं?”

इथे मी खरं बोललो. माझ्या बाजूनं सांगण्यासारखं तेवढंच आहे, म्हणून सांगून टाकतो. बुधीबायचं नाव मी घेतलं. तिचं खळं, तिचं ‘मी पन बगलं’ — सगळं सांगितलं. तिची नक्कल करून दाखवली, तो मधेच येणारा कोरडा खोकलासुद्धा.

रेवतीचे डोळे चमकले. “आपण त्यांच्याकडे जाऊ या. उद्याच. गेममधला आवाज त्यांचाच घेऊ.”

त्यांचाच.

आता इथे थांबतो जरा. हा शब्द मी गेली तीन वर्षं ऐकतो आहे. त्यांचाच आवाज. म्हणजे मी कोण? त्यांना वाडीपर्यंत घेऊन जाणारा वाटाड्या. बुधीबाय दोन वाक्यं बोलेल, थांबेल, आणि ही तिन्ही मुलं पुढे सरकतील. मला ते अंगणात उभ्या उभ्या दिसलं.

मी म्हणालो, “बुधीबाय वारली. दोन पावसाळे झाले.”

बुधीबाय तेव्हा जिवंत होती. त्याच आठवड्यात मी तिच्याकडून वालाच्या शेंगा घेतल्या होत्या.

हे सांगितलं की संपलं, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटायचं, म्हणून मनातल्या मनात मी इथवर पुष्कळदा आलोय. पण खरी घाण याच्या पुढे आहे. मी तेवढ्यावर थांबलो नाही. मला थांबता येत नाही, माझा धंदाच तो. मी तिचं मरण रंगवलं. सरकारी दवाखान्यातली खाट दिली. खिडकीतून दिसणारा डोंगर दिला. शेवटच्या दिवशी तिनं चादरीवर बोटानं वाट काढली आणि मला म्हणाली, ‘सुध्या, पुढचं घर तुझं’ — हेही दिलं. आवाज कुठे कापरा करायचा, कुठे आवंढा गिळायचा, सगळं जागच्या जागी. रेवती रडली. आणि ती — ऐका — ती तिघं पुढे सरकली होती. जन्मात पहिल्यांदा माझ्या गोष्टीला माणसं पुढे सरकली होती.

मला मजा आली. दुसरा शब्द शोधून पाहिला, सापडला नाही. मजाच आली.

मग सगळं सोपं झालं. बुधीबायचा आवाज कुणाचा? माझाच. रिसॉर्टच्या एका खोलीत भिंतींना गाद्या उभ्या लावून चार दिवस ध्वनिमुद्रण केलं. त्यांनी गेममध्ये मसणवटीच्या घरात एक मेलेली म्हातारी बसवली. खेळणारा तिच्यापाशी येतो, प्रश्न विचारतो आणि ती खरं सांगते. तिचं थांबणं बुधीबायचं, बोलणं बुधीबायचं, खोकला बुधीबायचा, आणि आत मी. मेलेली नसलेली बाई, तिला मारणाऱ्याच्या आवाजात, खरं बोलणार! नाटकात कुणी हे लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं, जरा जास्त होतंय.

गेम आला. पहिल्याच पडद्यावर काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत येतं: ‘ही वाट दाखवणाऱ्या बुधीबाय यांच्या स्मृतीस.’ खाली माझं नाव, कथन म्हणून. कर्जतला एका हॉलमध्ये माझा सत्कार झाला, शाल पांघरली, श्रीफळ दिलं. लोकांनी म्हातारीचा आवाज काढायला लावला. काढला. दोनदा.

तेव्हापासून मी वाडीचा रस्ता सोडला. शेतावर जायचं तर लांबून, ओढ्याकडून. बायको विचारायची, एवढा वळसा कशाला? मी म्हणायचो, पाय मोकळे होतात.

गेल्या मे महिन्यात चौकच्या नाक्यावर टेंपोची वाट बघत उभा होतो. मागून आवाज आला, “ए सुध्या! लपतोस कुठं रं?”

बुधीबाय. समोर टोपली, पानाच्या द्रोणांत करवंदं भरलेली. शेजारी तिची नात ललिता, कर्जतच्या कॉलेजात शिकते ती, हातात फोन. फोनमधून माझा खोकला ऐकू येत होता. म्हणजे तिचा.

“आजी, हेच का ते?” ललितानं विचारलं. तिनं मला नमस्कार केला नाही.

“हाच तो. लहानपनी नाकाला शेंबूड, आन् बोलायला राजा,” बुधीबाय म्हणाली. मग फोन कानाशी धरून ऐकत राहिली. हसली. “खोकतोस मात्र ब्येस रं. माझ्यापेक्षा ब्येस.” बाजूच्या भाजीवाल्या बायाही हसल्या. मीही हसलो. वाटलं, सुटलो. म्हातारी हसण्यावारी नेतेय.

तिनं फोन ललिताला परत दिला. टोपलीजवळची धूळ हातानं सपाट केली — तोच हात, तीच लकब — आणि काटकीनं वाट ओढली. पाच-सहाच घरं. द्रोणातलं एक काळंभोर करवंद उचलून तिनं मसणवटीत ठेवलं.

“हां. मेलेली हाय ना मी? इचार मग. खोटं नाय बोलायची.”

आता ती हसत नव्हती. रागावलेलीही नव्हती. वाघाकडे बघायची तशी बघत होती, आणि थांबली होती.

मला नियम ठाऊक होता. जे विचारीन त्याचं खरं उत्तर मिळणार होतं. काय विचारायचं होतं? तुला कळलं तेव्हा काय वाटलं? वाडीतल्या माणसांनी तो पडदा तुला वाचून दाखवला तेव्हा तू काय म्हणालीस? की एवढंच — मी चांगला सांगतो का गं, बुधीबाय? कुठलाही प्रश्न चालला असता. तिनं सांगितलं असतं आणि मला ते ऐकावं लागलं असतं, आईनं मातीकडे बघत सांगितलं होतं तसलं काहीतरी.

मी काय केलं? हात जोडले, मान वाकडी केली, आणि तिच्याच आवाजात, तिच्याच खोकल्यासकट म्हणालो, “अगं म्हातारे, मेलेल्या मानसांनी करवंदं इकायची नसतात गं!”

भाजीवाल्या खो खो हसल्या. एकीनं तर टाळी दिली. नाक्यावरचे दोन रिक्षावालेसुद्धा हसले. ललिता माझ्याकडे बघत होती, अनोळखी माणसाकडे बघतात तशी.

बुधीबायनं थोडा वेळ वाट पाहिली. माझी चेष्टा संपून त्यापाठी काही येतंय का, म्हणून असेल. मग तिनं मसणवटीतलं करवंद उचललं, पदराला पुसलं आणि तोंडात टाकलं. बिया बाजूला थुंकून म्हणाली, “जा. टेंपो आला तुझा.”

टेंपो खरंच आला होता. मी बसलो.

रेवतीचा परवा निरोप आला. गेमचा दुसरा भाग करायचाय, बुधीबायचा एखादा जुना फोटो मिळेल का, आदरानं लावू म्हणते. मी उत्तर दिलेलं नाही. तिला फोन करून खरं सांगायला दोन मिनिटं लागतात. त्याऐवजी मी हे लिहिलंय, तुमच्यासाठी, आणि लिहितानाही कुठे थांबलं की वाक्य परिणाम करील हे बघत आलोय. ती हे वाचेल तेव्हा वाचेल.

बुधीबाय जिवंत आहे. करवंदांच्या दिवसांत चौकच्या नाक्यावर बसते. मी अजून ओढ्याकडूनच जातो.