तांडेलाची सत्ता

माझा आवडता लेखक थोर वगैरे अजिबात नाही. हे मी म्हटलेलं चालतं, दुसऱ्या कुणी म्हटलेलं मला खपत नाही. तो इंग्रजीत लिहितो. त्याच्या जगात जंगलाच्या शेंड्यांवरून शिडाची गलबतं चालतात, एक चोरटी पोरगी दर पुस्तकात कुठल्या तरी गडावरून काहीतरी पळवते, तिसऱ्या पानावर तलवारी निघतात आणि शेवटच्या पानावर सगळे जेवायला बसतात. मुख्य म्हणजे त्याच्या पुस्तकात चांगलं माणूस मरत नाही. जखमा होतात, दात पडतात, एकदा एकाचा कान गेला, पण मरत कुणी नाही. दिवसभर लॅपटॉपवर लोकांच्या चुका निस्तरल्यावर मला तेवढंच हवं असतं. पुण्याहून बंगळुरूला आले तेव्हा बॅगेत साड्या कमी आणि त्याची पुस्तकं जास्त होती.

सासर बनशंकरीतलं. ही माणसं तीन पिढ्या इथलीच. मराठी बोलता बोलता मध्येच 'बरं'ऐवजी 'सरी' म्हणतात, पुरे झालं की 'साकु' म्हणतात, आणि आपण कन्नड बोललो हे त्यांच्या गावीही नसतं. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात, म्हणून मीही. अण्णांना मात्र आपल्या बोलण्यात कन्नड शिरलंय असं कुणी म्हटलेलं चालत नसे. निवृत्तीच्या आधीपासून ते मराठी वाचकांचं एक मंडळ चालवत होते. तिथे महिन्यातून एकदा जाड पुस्तकांवर गंभीर चेहऱ्यानं बोललं जाई. आपलं मराठी इथल्या हवेनं बिघडलेलं नाही, हा त्यांचा सगळ्यात मोठा अभिमान. माझ्या बोलण्यातला प्रत्येक इंग्रजी शब्द ते आमटीतल्या खड्यासारखा बाजूला काढून दाखवत.

मग मधुमेहानं त्यांचे डोळे नेले. उजेड कळे, अक्षर दिसेना. त्यात बाथरूममध्ये घसरून पडले, खुबा मोडला, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं की रोज चालायचं, नाहीतर खुर्ची कायमची. व्यायामासाठी एक फिजिओथेरपिस्ट बाई येऊ लागल्या. त्या 'अंकल, इन्नू स्वल्प' करत मागे लागत, म्हणजे अजून थोडंसं, आणि अण्णा चार पावलांत भिंत धरून बसत. सासूबाई आधीच गेलेल्या. माझा नवरा महिन्यातले बरेच दिवस बाहेरगावी. घरात राहिलो आम्ही दोघं, आणि आमचं एकमेकांशी फारसं जमत नव्हतं.

त्यांच्या जाड पुस्तकांतलं एक मी त्यांना वाचून दाखवायला घेतलं. दुसऱ्या पानाला ते घोरत. एकदा ते झोपलेत असं समजून मी माझं पुस्तक काढलं आणि वाचता वाचता हसले. "काय झालं?" त्यांनी विचारलं. मी तो परिच्छेद तिथल्या तिथे मराठीत करून सांगितला. गलबतावरचा म्हातारा प्रमुख, एका पायानं लंगडा, पाठीमागे सहा शिपाई लागलेले असताना जिना चढतो आहे आणि प्रत्येक पायरीला एक वेगळी शिवी घालतो आहे.

"प्रमुख काय म्हणतेस? तांडेल म्हण. गलबतावर तांडेल असतो," अण्णा म्हणाले. मग म्हणाले, "चढला का वर?"

तिथून ते अडकले. रोज संध्याकाळी सहाला मी पान उघडायचं आणि इंग्रजीचं मराठी करत जायचं. त्यांनी स्वतःच अट घातली, की आधी वॉकर घेऊन फाटकापर्यंत जाऊन यायचं आणि मगच वाचन. "तो जिने चढतोय आणि मी इथे लोळत पडू?" असं म्हणून ते निघत. फिजिओथेरपिस्ट बाई खूश झाल्या. महिन्याभरात अण्णा फाटक ओलांडून कोपऱ्यावरच्या नारळवाल्यापर्यंत पोचले. मलाही वाचनात पूर्वी कधी आली नव्हती इतकी मजा येत होती. एकटीनं हसण्यापेक्षा दुसऱ्याला हसवण्यात जास्त सुख असतं, हे मला त्या माणसामुळे कळलं, म्हणून तर पुढचं इतकं लागलं.

एका रविवारी मंडळातले चारपाच जण त्यांना बघायला घरी आले. मी कॉफी घेऊन गेले तेव्हा कुणीतरी विचारत होतं, सध्या काय वाचन चालू आहे? अण्णा म्हणाले, "सूनबाई काहीबाही वाचते, मी सहन करतो. राक्षस, तलवारी, उडती जहाजं. तिची बुद्धी आठवीत अडकली ती अडकलीच, पगार तेवढा पुढे गेला." सगळे हसले. एक काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "असू दे गं, वय लहान आहे." माझं वय तेव्हा सदतीस होतं.

बुद्धीवरून बोलले ते मी गिळलंही असतं. पण 'सहन करतो' हे खोटं होतं. आदल्याच दिवशी त्यांनी एक प्रकरण दोनदा वाचायला लावलं होतं. त्या चार टाळक्यांसमोर त्यांनी तांडेलाला ओळखच दिली नाही, आणि मला त्यांची किळस आली. माफी मागतील म्हणून मी वाट पाहिली. सोमवारी सहाला ते फाटकापर्यंत जाऊन आले आणि खुर्चीत बसून म्हणाले, "हं, कर सुरू."

मी सुरू केलं. वेढ्याचं प्रकरण होतं. तांडेल एकटाच गडात शिरतो, किल्लेदार पळून जातो आणि गड त्याच्या हातात येतो. मी रागात होते, त्यामुळे मराठी सुचत नव्हतं, तुकडे पडत होते. "दरवाजा धाडकन बंद झाला. आत एकटा तांडेल. सत्ता..." एवढं म्हणून पुढचे शब्द जुळवायला थांबले. 'सत्ता आता त्याची' असं म्हणायचं होतं.

अण्णा एकदम ताठ झाले. "सत्तना? तांडेल सत्तना?"

कन्नडमध्ये 'सत्त' म्हणजे मेला, आणि 'सत्तना' म्हणजे मेला का. मला हे कळायला एक क्षण लागला. कळल्यावर मी 'नाही हो' म्हणू शकले असते. दोन शब्दांचं काम होतं. मी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "आज एवढंच."

त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. त्या चष्म्यातून त्यांना काही दिसत नसे. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. त्यांना काहीतरी लागलं आणि ते माझ्यामुळे लागलं, या विचारानं मी भाजी चिरताना गुणगुणत होते.

दुसऱ्या दिवशी ते फाटकापर्यंत गेले नाहीत. मी विचारलं, वाचायचं का? "साकु," ते म्हणाले. तिसऱ्या दिवशीही तेच. फिजिओथेरपिस्ट बाईंनी किती विनवलं, पण ते पलंगाच्या कडेला बसून राहिले आणि पाय दुखतो म्हणाले. एक शब्द सुधारला की हा माणूस उठेल हे मला पक्कं ठाऊक होतं. पण आधी त्यांनी माझी माफी मागावी असं मी मनाशी ठरवलं होतं, आणि मी बधले नाही. असे सोळा दिवस गेले.

सोळाव्या दिवशी ते मंडळातल्या मित्राशी फोनवर बोलताना मी ऐकलं. "मी त्या लेखकाला उगीच हलका समजलो," ते म्हणत होते. "म्हाताऱ्याला मारायला हिंमत लागते. बाकीचे उगाच वाचवत बसतात. सूनबाईची निवड साधी नाही रे, मी चुकलो."

मला हवी होती त्याहून मोठी माफी होती ती, आणि चार टाळक्यांपर्यंत पोचलेली. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिले. माझ्या लेखकाची पहिल्यांदा कुणी वाखाणणी केली होती, ती त्यानं न केलेल्या खुनाबद्दल.

त्याच दुपारी फिजिओथेरपिस्ट बाई जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या की पाय आखडायला लागलाय, आता उशीर झाला तर त्यांच्या हातात काही नाही. मी घाबरले. सहाला पुस्तक घेऊन अण्णांसमोर बसले आणि सगळं सांगितलं. मला राग आला होता, तुम्ही चुकीचं ऐकलंत, मी मुद्दाम सुधारलं नाही. तांडेल मेला नाही. सत्ता म्हणजे राज्य, मराठीतली सत्ता. मग ते पान पहिल्या ओळीपासून नीट वाचलं. तांडेल गडाच्या तटावर उभा राहतो, खाली जमलेल्या फौजेला जेवायला काय आहे विचारतो, सगळं वाचलं.

अण्णांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे मराठी कुठली आणि कन्नड कुठली, हे माझ्या कानाला कळत नाही?"

"तसं नाही अण्णा. झोपेत होतात तुम्ही," मी सारवासारव केली.

"मी जागा होतो." त्यांचा आवाज चढला आणि मग आपोआप खाली आला. हात चाचपडत त्यांनी माझं मनगट शोधलं. "सरी. कळलं मला. त्या बाईंनी तुला काहीतरी सांगितलं असणार, म्हणून हे रचलंस. चांगलं रचलंस गं. पण मेलेला माणूस असा उठवू नये, लेखकाचा अपमान होतो."

मी पुढचं पुस्तक आणलं. त्यात तांडेल पहिल्या पानापासून आहे. त्याचं नाव बोटानं दाखवलं, पण त्यांना अक्षर दिसत नव्हतं. वाचायला लागले तर ते हसू लागले, मायेनं, लहान मूल थाप मारतं तेव्हा हसतात तसं. पानाचा फोटो पाठवून नवऱ्याला फोन लावून दिला, त्यानं इंग्रजीतून वाचून दाखवावं म्हणून. "तूही सामील का?" असं त्याला म्हणाले. मी रडले, तेव्हा माझ्या डोक्यावर हात फिरवत राहिले.

"मी तुला फार बोललो," ते म्हणाले. "मन मोठं आहे तुझं. मला माहीत नव्हतं."

दुसऱ्या आठवड्यात चाकांची खुर्ची आली. अण्णांनी वॉकर घडी करून माळ्यावर टाकायला सांगितला. आता ते मला सूनबाई म्हणत नाहीत, पोरी म्हणतात. मंडळातलं कुणी आलं की जवळ बसवून घेतात आणि सांगतात, की मी चालावं म्हणून या पोरीनं मेलेला तांडेल जिवंत केला होता.