माझ्या कानांचं मत
बालाजी घाटामागच्या माझ्या सीडीच्या दुकानात रोज येणाऱ्या एका परदेशी मित्राने मला फसवलं. आज चहाच्या ओल्या मातीच्या कुल्हडाचा वास आला आणि हिवाळ्यातली ती सकाळ आठवली. गंगेवर धुकं होतं, गल्लीत ऊन उतरलं नव्हतं, आणि आम्ही दोघं एकच हेडफोन आळीपाळीने कानाला लावून त्याने आणलेले अल्बम ऐकत होतो. सायकेडेलिक ट्रान्सचा, म्हणजे धडधडत्या इलेक्ट्रॉनिक तालाचा, एक संपला तेव्हा मी म्हणालो, “ये दौड़ता बहुत है, पहुँचता कहीं नहीं.” दुसरा चिलआउटचा होता. तो इतका संथ उलगडत गेला की माझा चहा हातातच गार झाला. “जिसमें चाय ठंडी हो जाए, वही असली,” मी म्हणालो. “भैया, फिर से बोलो,” म्हणत तो वहीत लिहून घेत होता. आतून बायको ओरडली, “अहो, एका सीडीसाठी गिऱ्हाइकाशी तासभर भांडता, आणि याला तुमची मतं फुकट?” मी हसलो. बनारसमध्ये मत कोण विकतं? आणि इतकं मन लावून माझं आजवर कुणी ऐकलंच नव्हतं. पुढे तो गेला, सीडीही गेल्या, दुकानात आता मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात. परवा इंटरनेटवर त्याने लिहिलेली त्या अल्बमची परीक्षणं सापडली. माझी दोन्ही वाक्यं इंग्रजीत, खाली त्याचं नाव, आणि लोक त्याच्या कानांची तारीफ करताहेत. ती सकाळ मला अजूनही प्रिय आहे, म्हणूनच विचारतो. अरे, कुठेतरी एका ओळीत माझं नाव लिहायला तुझं काय जात होतं? याचं उत्तर मला हवंय, आणि तुझ्याच तोंडून हवंय.