रतनगडावरचा अकरा नंबर

इरा, ओम —

तुम्हाला मी नेहमी इंग्रजीत लिहिते. आज मुद्दाम मराठीत लिहिते आहे. ओमला मराठी वाचता येत नाही, इरा अक्षरं जुळवत अर्ध्या पानापर्यंत जाते आणि कंटाळते — म्हणजे हे पत्र तुमची आई मोठ्यानं वाचून दाखवणार. तिच्या तोंडूनच तुम्ही ऐकावं असं मला वाटतं. गेल्या सहा वर्षांत ही गोष्ट माझ्या ओठांबाहेर पडलेली नाही. तुमच्या आजोबांनाही माहीत नाही, आणि त्यांना तर मी डब्यात साखर किती उरली तेही सांगते.

परवा इराची मेल आली आणि मी या सावेडीच्या फ्लॅटमध्ये, भर दुपारी, एकटीच नाचले. खरंच! पुढच्या वसंतात फक्त बायकांचा गट, सोबत वाट दाखवणारी बाई, आठ दिवस चालणं, तुमच्याकडच्या डोंगरांतली दोन राष्ट्रीय उद्यानं — आणि गटात आम्ही दोघी आज्या, मी आणि जामखेडची आजी. बर्फ वितळत असतं म्हणे तेव्हा. अस्वलंही दिसतात म्हणे. अस्वलाच्या विचारानं कुणी सत्तरीत खूश होतं का? मी झाले. त्याच संध्याकाळी सामानाची यादी करून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवली. लोकरीचे मोजे दोन जोड, शिट्टी, टॉर्च...

मग मेलची शेवटची ओळ पुन्हा वाचली. ‘नगरच्या आजी, तू जामखेडच्या आजीवर लक्ष ठेव हं, नाहीतर ती परत झोपेल आणि हरवेल.’ पुढे तीन हसरी तोंडं.

त्या तीन हसऱ्या तोंडांसाठी हे पत्र आहे.

जामखेडची आजी डोंगरावर झोपली आणि हरवली — आपल्या घरातला हा सगळ्यात लाडका विनोद. व्हिडिओ कॉल लागला की ओम ओरडतो, ‘नंबर अकरा! जागी आहेस ना?’ आणि ती पदर तोंडाला लावून हसते. ही गोष्ट सगळ्यांत रंगवून कोण सांगतं? मीच. मला ती सांगताही छान येते.

आता तीच गोष्ट, पण झाली तशी.

चैत्र होता. नगरहून आम्ही बारा जणी निघालो, अकोले तालुक्यातल्या अभयारण्यात, रतनगडावर. तुमच्या जामखेडच्या आजीला मीच आग्रहानं नेलं होतं. तिला नको होतं. आयुष्यभर शेतात चाललेली बाई, तिला चालण्याची सहल म्हणजे गंमतच वाटत होती. ‘विहीणबाई, चालायला पैसे देत्यात व्हय कुणी?’ असं म्हणाली होती. पण आली. साडीवर तुमच्या आईनं पाठवलेले करकरीत नवे बूट घालून आली. माझ्या हातात याद्या बघून गाडीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, ‘माझं नाव हाय ना त्यात? न्हाई तर मला इसरून याल न् पिशव्या मोजून आनाल.’ सगळ्या हसल्या. आणि फोनवर तुमच्या आईला मी शब्द दिला होता — मेघा, काळजी करू नकोस, त्यांना मी नजरेआड होऊ देणार नाही.

पायथ्याच्या गावातली हिराबाई आमची वाटाडी. पन्नाशीची, काटक, अनवाणी. निघण्याआधी तिनं आम्हाला ओळीत उभं करून एकेक नंबर दिला. ती ‘बोला!’ म्हणाली की पुढून मागे एकेकीनं आपला आकडा ओरडायचा. झाडीत माणूस दिसत नाही, आवाज दिसतो, असं ती म्हणाली. जामखेडच्या आजीला अकरा. मला बारा — शेपूट. शेपटानं कुणाच्याही पुढे जायचं नाही, कुणी बसलं तर हाक द्यायची. ‘एक बसली की समद्या बसायच्या. एकलीला टाकून वर जायाचं न्हाई. बिबट्या हाय हितं. आन् उन्हं डोक्यावर यायच्या आत शिडीला लागलो तर वर, न्हाई तर माघारी.’

शेपटाचं काम मला का दिलं? मी शिस्तीची म्हणून. बत्तीस वर्षं मुलींच्या शाळेत हजेरी घेतलेली बाई म्हणून.

ती सकाळ, मुलांनो! सांगू कशी होती? अंजनीच्या झाडांना जांभळ्या-निळ्या फुलांचे झुबकेच्या झुबके थेट फांद्यांना चिकटून आलेले, जणू कुणी शाई शिंपडली होती. डोक्यावरून एक शेकरू — मोठी, तांबूस, झुपकेदार शेपटीची खार — या झाडावरून त्या झाडावर गेली आणि मी टाळ्या वाजवल्या. चौसष्टाव्या वर्षी! दुरून झाडीच्या फटीतून गडाचं नेढं दिसलं — माथ्यावरच्या कातळाला आरपार पडलेलं भोक, सुईच्या नाकासारखं, पलीकडचं आभाळ दाखवणारं. मला वाटलं, तिथं उभं राहायचं. काहीही होवो. मी जन्मभर इतरांच्या सहलींच्या याद्या केल्या होत्या. हे माझं होतं.

बघा, मी अजून इथंच रेंगाळते आहे. अंजनी, शेकरू... पुढे जाते.

शिडीच्या थोडं अलीकडे वाट वळते. तिथं एका झाडाखाली जामखेडची आजी खाली बसली. नव्या बुटांनी टाचा सोलल्या होत्या. बूट काढले तर मोज्याला रक्त. ती कण्हलीही नाही. म्हणाली, ‘पाच मिंटं थांबायला सांगा त्यास्नी. चिंधी बांधते न् आले.’

सांगा त्यास्नी. एवढंच काम होतं माझं.

मी सांगायलाच निघाले, हे खरं आहे. वळणावरून पुढे गेले — शेपटानं जायचं नसतं तिथं गेले — आणि समोर शिडी. लोखंडी, उभी, थेट आभाळात जाणारी. सूर्य चढत आला होता. हिराबाई आमच्याकडे पाठ फिरवून, हाताचा आडोसा करून वर बघत होती. मला कळलं. पाच मिनिटं म्हणजे पंधरा होणार, आणि पंधरा म्हणजे माघारी.

‘बोला!’

एक. दोन. तीन. आकडे माझ्याकडे यायला लागले. माझं काळीज इतकं धडधडत होतं — भीतीनं म्हणू? नाही. आनंदानं. आठ. नऊ. दहा.

आता अकराची पाळी.

मी म्हटलं, ‘अकरा.’ आवाज थोडा जाड करून, जामखेडच्या वळणानं, तोंड जरा बाजूला वळवून. आणि लगेच माझ्या आवाजात — ‘बारा.’

शाळेत मैत्रिणीची खोटी हजेरी लावली म्हणून मी एका मुलीला आठवडाभर वर्गाबाहेर उभं केलं होतं. त्या क्षणी ती मला आठवली का? आठवली. तरी मी शिडीला हात घातला.

वर काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे, शंभरदा सांगितलंय. नेढ्यातला वारा, जो उभं राहू देत नाही. खाली भंडारदऱ्याचं पाणी. मी हात पसरून ओरडले, आणि इतर बायकाही ओरडल्या. त्या तासाभरात एकदाही ती माझ्या मनात आली नाही, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. आली होती. दोनदा. मी तिला ढकललं.

हिराबाईनं आम्हाला कातळावर बसवून माझ्या मोबाईलवर फोटो काढला. काढला, आणि मोबाईल तसाच धरून ती बोटानं मोजायला लागली. पुन्हा मोजलं. मग मोबाईल माझ्या हातात देऊन ती जी खाली पळाली...

आम्ही उतरलो तेव्हा झाडाखाली कुणी नव्हतं. बराच वेळ वाट बघून ती आम्हाला शोधायला उठली होती आणि वळणावर शिडीकडे न येता गुरांच्या वाटेला लागली होती. आम्ही हाका मारत राहिलो. माझा घसा कोरडा पडला, कारण मी सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होते. दीड तासानं हिराबाई तिला घेऊन आली. एका कोरड्या ओढ्यात सापडली म्हणे, दगडावर बसलेली. बूट गळ्यात अडकवलेले, पाय अनवाणी, तळहात खरचटलेला, बाटलीत पाण्याचा थेंब नाही. ओठ पांढरे पडले होते.

बायका हिराबाईवर तुटून पडल्या. मोजता येत नाही तर माणसं कशाला नेता? उद्या काही झालं असतं तर? परत कुणाला इकडे पाठवणार नाही आम्ही! हिराबाई एकच सांगत होती, ‘मी बारा आकडे ऐकले. देवाशपथ ऐकले.’

तेव्हा जामखेडच्या आजीनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. तिच्या मागे फक्त मी होते. निरोप तिनं माझ्याजवळच दिला होता. तिला हिशेब करायला किती वेळ लागणार?

मग ती सगळ्यांना म्हणाली, ‘अवो, ऐकले आसतीलच की. मीच म्हनले अकरा. मंग जरा टेकले न् लागला डोळा. त्या बाईला कशाला बोलता? म्हातारीची झोप ती!’

कुणीतरी खुदकन हसलं. मग सगळ्या हसल्या, सुटल्यासारख्या. हिराबाईवरचा राग तिथंच विरला, आणि पुढच्या महिन्यात दुसरा गट तिच्याबरोबरच गेला.

मीही हसले.

गाडीत ती माझ्या शेजारी बसली. दशम्या काढल्या, मला अर्धी दिली. तो विषय तिनं कधीच काढला नाही. घरी आल्यावर मी तुमच्या आईला फोन केला आणि पहिलंच वाक्य बोलले — ‘मेघा, तुझी आई डोंगरात झोपली आणि हरवली, ऐक गंमत!’ विनोद तिथून सुरू झाला. मेघा, तू वाचताना इथं थांबली असशील. वाच पुढे.

काल जामखेडला फोन करून मी तिला सांगितलं की मुलांना हे कळवते आहे. पलीकडे गिरणीचा आवाज येत होता. दळणाला गेली असावी. मग म्हणाली, ‘त्या थंडीत मोजे किती लागतील वो?’ दोन जोड, मी म्हटलं. ‘मी तीन घेते,’ म्हणाली. ‘टाचंचं माझं तुमाला म्हाईतच हाय.’

तुमच्या फ्रिजवर तो नेढ्यातला फोटो लावलेला आहे. कधी मोजल्या आहेत का त्यातल्या बायका? हिराबाई फोटो काढत होती. म्हणजे आम्ही बारा हव्यात. आहेत अकरा. मधोमध, हात पसरून, सगळ्यांत मोठ्यानं हसते आहे ती मी. ते हसू खोटं नाही. मला तेव्हा खरोखरच फार आनंद झाला होता.