माईच्या खोलीची खिडकी

माई गेल्याचा निरोप घेऊन कुणाला धावत यावं लागलं नाही. ती आमच्याच घरात, लहानपणी आम्ही भावंडं झोपायचो त्याच खोलीत, खुर्चीत बसल्या बसल्या गेली. माझी बायको विमल दुपारचा चहा घेऊन आत गेली आणि कप तसाच घेऊन परत आली. "अहो, माई बोलत नाहीत," एवढंच म्हणाली... महिना उलटून गेला, पण ते शब्द अजून कानात आहेत.

माई माझी थोरली बहीण. तिनं लग्न केलं नाही. सोयगावच्या शाळेत सगळी नोकरी केली, तिथंच भाड्याच्या खोलीत राहिली आणि सुटीत शहरात, गुलमंडीमागच्या आमच्या घरी येत राहिली. निवृत्तीनंतर दम्यानं बेजार झाली, तेव्हा मी जाऊन तिला घेऊनच आलो. आमची जुनी खोली तोवर अडगळीची झाली होती. ती तिच्यासाठी नीट करायची असं मी ठरवलं. फरशी बदलू, फिकट रंग देऊ, नवा पंखा लावू... माई खाटेवर बसून ऐकत होती. म्हणाली, "रंग कोणताबी दे बाबा. आधी ती खिडकी उघड."

मला कळेचना. तिथं मी कायम भिंतच पाहिली होती. मी पाळण्यात होतो तेव्हा, रझाकारांच्या दिवसांत, वडिलांनी गल्लीकडची खिडकी विटांनी बुजवून घेतली होती. गडबड मिटली की उघडू, असं ते म्हणाले होते. पोलीस ॲक्शन झाली, गडबड मिटली, पण खिडकी राहिली ती राहिलीच; पुढं तिच्यासमोर कपाट आलं. खिडकी होती तोवर माई आणि समोरच्या घरातली खुर्शीद तिथूनच रोज बोलायच्या. पोलीस ॲक्शननंतर भिण्याची पाळी खुर्शीदच्या घरावर आली आणि तिच्या वडिलांनी बिऱ्हाड हैदराबादला हलवलं. "मला बाहेर जाऊ दिलं नाय," माई सांगत होती. "सामान टांग्यात चढवत होते. मी इथं भिंतीला कान लावून बसले. खुर्शीदनं हाक मारली... मी ओ दिली, पण विटांतून काय ऐकू जातंय?" इतक्या वर्षांत हे तिनं घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

गवंडी आला त्या दिवशी धूळ सोसणार नाही म्हणून विमलनं तिला मागच्या खोलीत बसवलं, तर ती नाकाला पदर लावून दारात येऊन उभी राहिली. विटा निघाल्या आणि ऊन सरळ खाटेवर पडलं. समोर खुर्शीदचं घर नव्हतं. तिथं केव्हाच दुमजली इमारत झाली होती, खाली बांगड्यांचं दुकान. माईला ते ठाऊक होतं. दर सुटीत ती त्याच गल्लीतून तर यायची. तरी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "गज बसवून घे. नायतर मांजर येईल."

त्यानंतर ती खिडकीशीच बसू लागली. दम लागला की गज धरून थांबायची. दुकान चालवणारी शबाना येता-जाता तिच्याशी बोलायची, माई मराठीत आणि ती तिच्या दखनीत. आम्ही विचारलं की माई "बरी आहे" म्हणायची. झोप लागत नाही, श्वास कोंडला की भीती वाटते, हे मात्र ती शबानाला सांगायची. ते मला शेजारच्या खोलीत ऐकू यायचं. वाईट वाटायचं, आणि कुणाला तरी सांगतेय म्हणून बरंही वाटायचं.

माई गेली तेव्हा शबाना लेकीच्या बाळंतपणाला वैजापूरला होती. परवा आली. मी खोलीत माईची औषधं आवरत होतो. बाहेरून आवाज आला, "आपा, मेरेकू नवासी हुई."

मी खिडकीशी गेलो आणि तिला सांगितलं. ती गज धरून तशीच उभी राहिली. दुकानात गिऱ्हाईक आलं, तरी हलली नाही. मग ओढणीनं डोळे पुसून म्हणाली, "अब इधर कौन बैठता, भाई?"

मी माईची खुर्ची ओढून घेतली आणि बसलो.

"सांगा," मी म्हणालो, "नातीचं नाव काय ठेवलं?"